खरखरीसकट केसरबाई

आकड्यांवर माझा विश्वास. सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकणाऱ्या कानाला ते पुरतात. म्हणून महागड्या केबलींचं कौतुक मला पटत नाही.

पण नागपूरच्या घरी केसरबाई केरकरांची भैरवी लावली, १९७७ साली व्हॉयेजरसोबत अवकाशात गेलेली तीच. मी फिल्टरने खरखर काढली होती. बाबा म्हणाले, "जुनीच लाव."

चिडलो, मग नीट ऐकलं. खरखर जिथे असते तिथेच आवाजाची धारही असते. फिल्टरने दोन्ही कापली होती. बाबांची आवड म्हणजे नुसती सवय नव्हती. 'स्वच्छ' म्हणजे 'चांगलं' हीसुद्धा आवडच. मी तिला मोजमाप समजत होतो.