नळ गावात, माणूस फडात: पाण्याच्या आकड्यांत कोण सुटतं?

संशोधनाची तयारी करताना आपण आकडे भराभर जमवतो, पण तो आकडा नेमकं काय मोजतो हे तपासायचं राहून जातं. पिण्याच्या पाण्याचे निर्देशक आणि बीड जिल्हा शेजारी ठेवून पाहा.

जगभरातल्या पाणी-स्वच्छतेची मोजणी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून करतात. २०१५ पर्यंत मुख्य प्रश्न स्रोताचा होता: नळ, हातपंप की उघडी विहीर? शाश्वत विकास उद्दिष्टं आल्यावर कसोटी कडक झाली. आता स्रोत चांगला हवाच, शिवाय पाणी घराच्या आवारात आणि गरजेच्या वेळी मिळायला हवं, त्यात मैल्याचे जंतू किंवा जास्तीचं फ्लोराइड, आर्सेनिक नको. या कसोटीवर २०२२ मध्ये जगातले सुमारे २२० कोटी लोक मागे होते. आपल्याकडे २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशननेही नुसत्या नळावर न थांबता माणशी रोज ५५ लिटर, ठरलेल्या दर्जाचं, नियमित पाणी हे लक्ष्य ठेवलं. हे दोन्ही बदल चांगलेच आहेत.

माझा आक्षेप एकाच शब्दावर आहे: 'आवार'. कुणाचं आवार? मोजणीचा पाया घर आहे, आणि घर जागचं हलत नाही. बीडची माणसं मात्र हलतात.

दरवर्षी दिवाळीच्या आसपास इथली लाखो माणसं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. पुढचे पाचेक महिने मुक्काम कोपीत. गावातल्या घराला नळ आहे, संडास आहे, नोंदही बरोबर आहे. पण कोपीवर पाणी जिथून मिळेल तिथून भरायचं आणि आडोसा उसाचाच. ही कोपी ना बीडच्या गावाच्या यादीत येते, ना कारखान्याजवळच्या.

साधं गणित करा. कुटुंब बारापैकी पाच महिने बाहेर असेल, तर घरं मोजून उत्तर १०० टक्के येतं. माणसाचे महिने मोजले, तर जेमतेम ५८. म्हणजे आकडा खोटा नाही, प्रश्न अपुरा आहे.

याची किंमत कोण मोजतं? २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. इथे सावध राहा. 'पाणी नाही म्हणून शस्त्रक्रिया' असं या आकड्यावरून सिद्ध होत नाही. लवकर झालेली लग्नं, जड काम, खाडा पडला की कापले जाणारे पैसे, खासगी दवाखान्यांचे सल्ले, असे बरेच धागे त्यात आहेत. पण पाळीच्या दिवसांत पाणी आणि संडास नसणं हाही त्यातला एक धागा आहे, आणि नेमका तोच आपल्या निर्देशकाला दिसत नाही.

म्हणून प्रस्ताव लिहिताना कुठलाही टक्का उचलण्याआधी तीन गोष्टी विचारा. एकक काय: घर की माणूस? मोजणी कुठल्या महिन्यात झाली? आणि त्या दिवशी दाराला कुलूप असेल, तर त्या घराची नोंद कशी झाली? बीडपुरतं बोलायचं तर संशोधनाचा खरा प्रश्न त्या कुलपापाशीच सुरू होतो.