अनिष्टाची जत्रा की अनिष्टाचा खेळ? : ब्रॅडबरीची कादंबरी आणि गोव्याचा नरकासुर

रे ब्रॅडबरी यांची ‘समथिंग विकेड धिस वे कम्स’ ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली. ती मराठीत आणू पाहणाऱ्याची पहिली अडचण ‘ऑटम’ या शब्दापाशी होते आणि दुसरी ‘कार्निव्हल’पाशी. दोन्ही शब्दांना कोशात प्रतिशब्द आहेत. पण ते पुरे पडत नाहीत. ‘ऑटम’ला शरद म्हटले की मराठी वाचकासमोर निवळलेले पाणी, कोजागरीचे चांदणे आणि कापणीला आलेले भात उभे राहते. पानगळ ही आपल्याकडे शिशिराची. ब्रॅडबरींचा ऑक्टोबर मात्र वर्षाच्या मरणाचा महिना आहे आणि कादंबरीतील सारे भय त्या ऋतुबोधावर उभे आहे. मराठी भाषांतरात ऋतूच विरुद्ध बाजूने बोलू लागतो.

कथावस्तूची थोडक्यात नोंद पुरेशी आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस, पहाटे तीनच्या सुमारास, ग्रीन टाउन या गावी आगगाडीने एक फिरता खेळ येऊन उतरतो. तेथील लाकडी घोड्यांचे चक्र उलटे फिरले तर माणसाचे वय घटते, सुलटे फिरले तर वाढते. विल आणि जिम ही चौदाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची दोन मुले त्याकडे ओढली जातात. जिमला लवकर मोठे व्हायचे आहे. ग्रंथालयात झाडलोट करणारे विलचे वडील चार्ल्स हॅलोवे यांना आपले उतरते वय सलते आहे. खेळाचा मालक मिस्टर डार्क प्रत्येकाला त्याच्या मनातलीच इच्छा देऊ करतो. मिस फोली ही शिक्षिका तारुण्य मागते आणि लहान मुलगी होऊन, कोणी ओळखेनासे झाल्यामुळे, रस्त्यावर येते. हॅलोवे जुनी कागदपत्रे चाळतात, तेव्हा हाच खेळ पूर्वीच्या पिढ्यांतही ऑक्टोबरमध्येच येऊन गेल्याचे त्यांना आढळते.

म्हणजे हे अनिष्ट बाहेरून येते, तिकीट लावते आणि निघून जाते. ‘जत्रा’ हा शब्द येथे बसत नाही तो या कारणाने. जत्रेला दैवत लागते, मानकरी लागतात, गाऱ्हाणे लागते. आकाशपाळणे आणि मिठाईची दुकाने बाहेरून येतात हे खरे. पण ती देवाच्या आवारात, त्याच्या तिथीला येतात. भुतांच्या मेळ्यालाही आपल्याकडे धनी असतो. अमावास्येच्या रात्री वेताळाची स्वारी मशाली घेऊन निघते, ही समजूत कोकणात आणि देशावरही आढळते, आणि तो वेताळ भुतांचा राजा असूनही अनेक गावांचा राखणदार आहे. सिंधुदुर्गातील आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठाल्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो, म्हणून त्या झिजतात, असे मानले जाते. ग्रीन टाउनच्या रस्त्यावरून रात्री जे चालते त्याच्याकरिता कोणी पादत्राणे ठेवीत नाही. ‘भुतांची जत्रा’ असे भाषांतर केले, तर मिस्टर डार्कला नकळत ग्रामदेवतेचा दर्जा मिळेल.

शरदातील भयमेळ्याचा मराठी-कोंकणी परिसरातला जवळचा नमुना शोधायचा, तर तो जत्रेत नव्हे, गोव्याच्या नरकचतुर्दशीत सापडतो. आदल्या रात्रभर वाड्यावाड्यांतून नरकासुराच्या प्रचंड प्रतिमा मिरवतात आणि पहाटे जाळल्या जातात. सुळे, वटारलेले डोळे, उगारलेले शस्त्र, अंगात गवत, रद्दी कागद आणि फटाके. हा राक्षस कोठून येत नाही. वाड्यावरची मुले आणि तरुण पोरे तो कित्येक दिवस खपून घडवतात. विल आणि जिम ज्या वयात तंबूच्या कनातीखालून चोरून आत पाहतात, त्याच वयाची ही मुले राक्षसाच्या पोटात गवत भरीत असतात. तुलनेचा सारा प्रश्न माझ्या मते या एका फरकात आहे. प्रेक्षक अनिष्टाचा ग्राहक होऊ शकतो. कर्त्याला ते सोपे नाही, कारण त्याने त्याची कामटी न् कामटी हाताळलेली असते.

मिखाईल बाख्तीन यांनी राब्लेवरील ग्रंथात कार्निव्हलचे जे लक्षण मांडले, ते असे की त्यात प्रेक्षक आणि नट असा भेद नसतो. लोक तो पाहत नाहीत, त्यात जगतात. या कसोटीवर ब्रॅडबरींचा कार्निव्हल नावापुरता कार्निव्हल ठरतो आणि ते नाव न घेणारा नरकासुर खराखुरा. विसंगती आणखी खोल आहे. बाख्तीन यांच्या लेखी हास्य हा कार्निव्हलचा प्राण; ब्रॅडबरींच्या कादंबरीत तेच हास्य कार्निव्हलला मारणारे शस्त्र. हॅलोवे गोळीवर हसू कोरतात आणि चेटकीण कोसळते. आरशांच्या भुलभुलैयात आपल्या म्हातारपणाच्या असंख्य प्रतिमांसमोर ते मोकळे हसतात आणि आरसे फुटतात. मेल्यासारखा पडलेला जिमही हसण्या-नाचण्यानेच परततो. (हा शेवट जरा सोपा आहे, अशी माझी तक्रार आहे, इतक्या काळजीपूर्वक रचलेले भय इतक्या लवकर विरघळू नये.)

गोव्यात हास्य राक्षसाच्या बाजूचे आहे. रात्रभर जल्लोष असतो तो त्याच्या मिरवणुकीचा. कृष्णाच्या वाट्याला शेवटचे काही क्षण येतात. स्पर्धा, बक्षिसे आणि ध्वनिवर्धक आल्यापासून ‘उत्सव कृष्णाचा की असुराचा?’ हा आक्षेप तेथे वारंवार घेतला जातो. तो केवळ गोंगाटाविषयी असेल तर रास्त आहे. अर्थाविषयी असेल तर अपुरा. कारण परंपरेतच असुराला जागा आहे. आजच्या दिवशी पहाटे स्नान करील त्याला नरकाची पीडा होऊ नये, हे मागणे लोककथेत मरता मरता नरकासुरच करतो. अभ्यंगस्नान ही त्याची देणगी. नंतर तुळशीपुढे डाव्या पायाने कारीट चिरडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मग नव्या तांदळाचे पोहे खायचे. अनिष्ट येथे हद्दपार होत नाही. जिभेवर घेतले जाते. मिस्टर डार्कच्या मागे असे काही उरत नाही. त्याचे चक्र मोडले जाते आणि उरतो तो ‘पुढचा कोणी येईल’ हा इशारा.

या दोन रचना केवळ ग्रंथालयात समोरासमोर येतात असे नाही. बेंगळूरूच्या इंदिरानगरात, शंभर फुटी रस्त्याच्या परिसरातील मद्यगृहांतून, ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविनच्या रात्री साजऱ्या होतात. विकत आणलेले मुखवटे, दारावर प्रवेशमूल्य, कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांगाडा. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी आणि हॅलोविन दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच आले. गोव्या-कोकणातून तेथे नोकरीसाठी आलेल्या माणसाला एकाच तारखेच्या पहाटे कारीट आणि रात्री भोपळा अशी जोड शक्य होती. ‘पाश्चात्त्य अनुकरण’ हा शिक्का मारून हे प्रकरण मिटवणे सोयीचे आहे, पण त्यात विश्लेषण नाही. इंदिरानगरातील रात्र ब्रॅडबरींच्या बाजूला पडते ती परदेशी असल्यामुळे नव्हे, तर तेथला माणूस ग्राहक असल्यामुळे. रोख बक्षिसांच्या स्पर्धेसाठी तयार मुखवटा विकत आणणारा गोव्यातला वाडाही त्याच बाजूला सरकतो. उलट याच शहरात १९९० च्या दशकात, रात्री दार ठोठावणाऱ्या बाईच्या अफवेवर लोकांनी दारांवर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहिले होते. ते कृत्य वेताळाच्या चपलांच्या जवळचे आहे. तेथे भयाशी बोलणे आहे, घासाघीस आहे, आणि तिकीट नाही.

भाषांतरकाराने मग काय करावे? ‘शरद’ टाळून ‘ऑक्टोबर’ ठेवावा. तो महिना मराठीत रुळलेला आहे, जरी त्याच्यासोबत आपल्याकडे उकाडा येत असला तरी. ‘कार्निव्हल’ला ‘जत्रा’ न म्हणता ‘खेळ’ म्हणावे. सर्कस, तमाशा, दशावतार या सर्वांना चालणारा हा शब्द आहे. त्याला देव लागत नाही, मालक मात्र असू शकतो. मूळ शब्द तसाच ठेवायचा झाला, तर गोव्यातील वाचकासाठी एक टीप द्यावी लागेल. तेथे कार्निव्हल म्हणजे लेंटपूर्वीचा इंत्रूज, फेब्रुवारी-मार्चमधला, किंग मोमोचा; आणि त्याला कोणी घाबरत नाही.