परतीची पायपीट

'अलोन इन द वाइल्डरनेस' (2004) मध्ये डिक प्रोनेकी बर्फावरून लांब चालत जातो. कॅमेरा कोणी धरलाय? कोणीच नाही. 16 एमएमचा बोलेक्स ट्रायपॉडवर लावायचा, सुरू करायचा, चालत जायचं, आणि मग तो आणायला परत यायचं. ही परतीची पायपीट फिल्ममध्ये नाही. मला मात्र तीच दिसत राहिली.

1968 साली पन्नाशी ओलांडलेला हा मेकॅनिक अलास्कातल्या ट्विन लेक्सला राहायला गेला. हत्यारांची नुसती पाती नेली, दांडे तिथल्याच लाकडातून घडवले. दाराचा भाग दोनदा बघा, बिजागरीसुद्धा लाकडाची! दिवसभर कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे बघून हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

खटकतो तो आवाज. शब्द प्रोनेकीच्या डायरीतले, पण वाचतो बॉब स्वेरर. फिल्म आली तेव्हा प्रोनेकीला जाऊन वर्ष झालं होतं. त्यामुळे एकटेपणा जरा जास्तच गोड लागतो. बेब ऑल्सवर्थ विमानाने किराणा-टपाल आणतो, ते फिल्म लपवत नाही, पण त्यावर रेंगाळतही नाही.

आपल्या परभणीत जंगल औषधापुरतं. पण हरभऱ्यात रानडुकरं शिरतात म्हणून आखाड्यावर एकट्याने जागल करणारे आहेत. थंडी तीच, अंधार तोच. फरक इतकाच की हा एकटेपणा त्यांनी निवडलेला नाही, म्हणून त्यावर फिल्म निघत नाही. जागलीवरच्या कोणी मोबाईलवर ही फिल्म लावली, तर त्याला ते दार नक्की आवडेल. एकटं राहण्याचं एवढं कौतुक कशाला, हे मात्र तो विचारेल.