संमती कोणाची? : र. धों. कर्वे यांच्या व्यभिचारविचाराचे परीक्षण

पतिपत्नींनी परस्परांच्या माहितीने व मान्यतेने विवाहाबाहेर शरीरसंबंध ठेवणे, किंवा दोन जोडप्यांनी आपसांत जोडीदारांची अदलाबदल करणे, या व्यवहाराला मराठीत स्वतंत्र नाव नाही. 'व्यभिचार' हा शब्द आपण त्यालाही लावतो. परंतु रूढ अर्थाने त्या शब्दात चोरी गृहीत आहे. आणि येथे तर चोरीचा अभाव हेच व्यवहाराचे व्यवच्छेदक लक्षण होय. वृत्तपत्रांनी रूढ केलेला 'वाइफ स्वॅपिंग' हा शब्दप्रयोग याहूनही सदोष आहे. त्यात बायको हे कर्म असून कर्ता अध्याहृत ठेवला आहे, आणि तो नवरा आहे हे वाचकाला सांगावे लागत नाही. प्रस्तुत लेखात म्हणून 'संमत बहुसंबंध' ही संज्ञा वापरली आहे. तीही निर्दोष नाही. कारण 'संमत' या विशेषणाने जे सिद्ध धरले जाते, तेच खरे पाहता तपासावयाचे आहे.

या तपासणीसाठी मराठी वाचकाला परदेशी ग्रंथांपासून प्रारंभ करण्याचे कारण नाही. अमेरिकेत ओनील पतिपत्नींचे 'ओपन मॅरेज' हे पुस्तक १९७२ साली निघाले आणि त्यावर मोठी चर्चा झाली. त्याच्या चार दशके आधीच या प्रश्नाचा गाभा रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मराठीत मांडला होता. १८८२ साली जन्मलेले कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. या प्रचारापायी विल्सन कॉलेजातील नोकरी १९२५ मध्ये सोडली. आणि जुलै १९२७ पासून १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखाबद्दल १९३१ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन दंड झाला. १९३४ च्या दुसऱ्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. तेथेही निकाल विरुद्धच गेला. या खटल्यांमुळे कर्वे यांच्याकडे हुतात्मा म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागली. हुतात्म्याच्या वाट्याला आदर येतो, परीक्षण क्वचितच येते. त्यांच्या विचाराला आज अधिक गरज परीक्षणाची आहे.

कर्वे यांची भूमिका थोडक्यात अशी मांडता येईल. समागमाचे दोन परिणाम समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचे : संतती व रोग. हे दोन्ही परिणाम उपायांनी टाळता येतात. ते टाळले गेले आणि दोन्ही प्रौढ व्यक्ती राजी असल्या, तर उरलेला व्यवहार सर्वस्वी खाजगी होय. त्यात नीतीचा किंवा कायद्याचा प्रश्न उद्भवत नाही. स्त्रीलाही पुरुषाइतकाच सुखाचा अधिकार आहे, आणि वैवाहिक मत्सराच्या मुळाशी मालकीची भावना आहे. ही मांडणी गणितज्ञाला साजेशी आहे. प्रथम अनावश्यक पदे काढून टाकावयाची, मग जे उरेल तेवढेच सोडवावयाचे.

या मांडणीचे श्रेय लहान नाही. पाप आणि अपाय या दोन कल्पनांची जी गाठ बसली होती, ती त्यांनी सोडविली. बर्ट्रंड रसेल यांचा 'मॅरेज अँड मॉरल्स' १९२९ साली प्रसिद्ध झाला; त्याच सुमारास एक मराठी मासिक सामान्य वर्गणीदारांपुढे हेच विचार सोप्या गद्यात ठेवीत होते, हे विसरता कामा नये. 'शारदेची पत्रे' या सदरात तर कर्वे यांनी स्त्रीच्या नावाने लिहून तिच्या बाजूचा युक्तिवाद केला. मात्र येथेच एक शंका डोकावते. स्त्रीची इच्छा सांगणारा हा आवाज एका पुरुषाचा होता. हेतू निर्मळ असला तरी 'ती राजी आहे' हे तिच्या वतीने दुसऱ्याने सांगावयाचे, ही रचना कायम राहिली.

ही रचना किती जुनी आहे हे महाभारताच्या आदिपर्वावरून दिसते. स्त्रिया एके काळी अनावृत व स्वैर होत्या. श्वेतकेतूच्या मातेला एका ब्राह्मणाने हात धरून नेले, तेव्हा त्याने क्रुद्ध होऊन स्त्रीपुरुष दोघांनाही मर्यादा घालून दिली, अशी कथा तेथे आहे. भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासाविषयीच्या आपल्या लेखनात वि. का. राजवाडे यांनी अशा कथांतून प्राचीन समाजस्थितीचे अवशेष शोधले. संस्था ऐतिहासिक आहे, सनातन नाही, हा त्यांचा निष्कर्ष मोलाचा आहे. परंतु टीकाकाराने आणखी एक प्रश्न विचारावयास हवा : ही कथा कोण, कोणाला आणि कशासाठी सांगतो? सांगणारा पंडू आहे आणि ऐकणारी कुंती. पंडूला अपत्य हवे आहे. शापामुळे ते त्याला होणे नाही. म्हणून कुंतीने अन्य पुरुषाकडून ते मिळवावे असा त्याचा आग्रह आहे. कुंती प्रथम नकार देते, आणि तोही नुसता नव्हे. मृत पती व्युषिताश्व याच्याशी एकनिष्ठ राहिलेल्या भद्रेची कथा ती पुढे करते. कथेला कथेने उत्तर म्हणून पंडू श्वेतकेतूचे आख्यान सांगतो. म्हणजे स्त्रियांच्या प्राचीन स्वातंत्र्याचा हा प्रसिद्ध पुरावा मुळात एका नाखूष पत्नीचे मन वळविण्यासाठी पतीने वापरलेला युक्तिवाद आहे. कुंती अखेर मान्य करते. तिच्या या मान्यतेला संमती म्हणावे की आज्ञापालन, याचा निर्णय केवळ होकार पाहून होत नाही.

हाच प्रश्न अगदी वेगळ्या भाषेत भारतीय दंडसंहितेत आढळतो. १८६० च्या या संहितेतील कलम ४९७ प्रमाणे, दुसऱ्याच्या पत्नीशी तिच्या पतीच्या संमतीवाचून किंवा मूक मान्यतेवाचून संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार ठरे. याचा व्यत्यास असा की, पतीने मान्यता दिली असेल तर गुन्हा मुळी घडतच नसे. संमत बहुसंबंधांना या कायद्याने एका परीने आधीच मुभा दिली होती. अट एवढीच की संमती नवऱ्याची हवी. स्वतःच्या पतीच्या अशा वर्तनाबद्दल तक्रार करण्याचा अधिकार मात्र पत्नीला नव्हता. १९५४ मध्ये मुंबईहून आलेल्या युसूफ अब्दुल अझीझ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जोसेफ शाइन प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते घटनाबाह्य म्हणून रद्द केले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत व्यभिचाराचा गुन्हा नाही. हिंदू विवाह कायद्याखाली मात्र तो घटस्फोटाचे कारण म्हणून आजही टिकून आहे.

कायद्यापुरते पाहिले तर कर्वे यांचा विजय झाला असे म्हणावयास हरकत नाही. राज्यसंस्था शयनगृहाबाहेर गेली. परंतु ती बाहेर गेल्यावर आत दोन समान व्यक्तीच उरतात, हे गृहीत धरणे ही कर्वे यांच्या विचारातील खरी उणीव होय. त्यांच्या समीकरणात संमती हे एक साधे पद आहे : असते किंवा नसते. स्त्रीच्या आर्थिक परावलंबनाची त्यांना जाणीव होती. पण त्या जाणिवेने समीकरण बदलले नाही. वास्तविक, जोडप्याने मिळून घेतलेल्या निर्णयात एका संमतीच्या पोटात अनेक संमती असतात. प्रथम कोणी सुचविले? दुसऱ्याने नकार दिला असता काय झाले असते? एकदा दिलेला होकार परत घेता येतो काय? ज्या तिसऱ्या व्यक्तीला किंवा दुसऱ्या जोडप्याला यात आणले, त्यांना आपले स्थान ठाऊक आहे काय? आणि गुपित फुटले तर लोकनिंदा दोघांच्या वाट्याला सारखी येईल काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या समाजात सर्वांना ठाऊक आहे. धोका विषम असेल तर होकारही सममूल्य असू शकत नाही.

मत्सराबाबतही असेच. मत्सर म्हणजे केवळ मालकी, हे विधान अर्धसत्य आहे. ज्याला सोडून जाणे परवडते त्याचा मत्सर मालकीचा असू शकतो. जिला जाण्यास जागा नाही तिचा मत्सर बहुधा भय असते. गौरी देशपांडे यांच्या कथा-कादंबऱ्यांतील सुशिक्षित, स्वावलंबी नायिका विवाह आणि त्याबाहेरचा स्नेह यांचा स्वतःच्या शब्दांत विचार करू शकतात, याचे एक कारण त्यांना निघून जाता येते हे आहे. इरावती कर्वे यांच्या या कन्येने आपले काका र. धों. कर्वे यांचाच प्रश्न पुढे चालविला, पण 'शारदे'चा मुखवटा तेथे लागला नाही.

याचा अर्थ संमत बहुसंबंध अशक्य किंवा निंद्य आहेत असा नव्हे. तसा निष्कर्ष काढणे म्हणजे कर्वे यांनी सोडविलेली गाठ पुन्हा बांधणे होय. अर्थ एवढाच की, होकार खरा आहे की नाही हे नकाराच्या किमतीवरून मोजावे. या कसोटीला कोल्हापुरात एक पूर्वपीठिका आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ ते १९२० या वर्षांत विधवापुनर्विवाह, आंतरजातीय विवाह, घटस्फोट आणि स्त्रियांचा छळ यांविषयी कायदे केले. त्यांत सुखाच्या स्वातंत्र्याचा उच्चारही नाही; परंतु लग्नात शिरण्याचे व लग्नातून बाहेर पडण्याचे दार त्यांनी स्त्रीसाठी किलकिले केले. मुंबईचे संततिनियमन केंद्र आणि करवीर दरबारचे हे कायदे यांचा विचार आपण आजवर वेगवेगळ्या प्रकरणांत करीत आलो. ते एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. दार उघडे असूनही जी व्यक्ती आत राहते आणि 'मला मान्य आहे' असे म्हणते, तिच्याच म्हणण्याला संमती हे नाव शोभते. दार बंद असताना उच्चारलेले तेच शब्द कुंतीच्या उत्तराहून फारसे निराळे नसतात.