काचबिंदू: त्या आडव्या रेषेवर किती विसंबायचं?

काचबिंदूवरचं कुठलंही प्रेझेंटेशन काढा, एक आलेख हमखास सापडतो. एक रेषा शून्याला धरून आडवी, बाकीच्या तिच्यापासून दूर जाणाऱ्या. हा 'एजीआयएस' या अमेरिकेतल्या चाचणीचा, 2000 साली छापलेला सातवा पेपर. आडवी रेषा ज्या डोळ्यांची, त्यांचा दाब प्रत्येक तपासणीत 18 मिमीच्या खाली होता, सरासरी 12.3. स्लाइडवर लगेच निष्कर्ष: ऑपरेशन करून दाब एवढा उतरवा, दृष्टी जायची थांबते.

पेपर एवढं म्हणतच नाही. शीर्षकातसुद्धा दाब आणि दृष्टिक्षेत्र यांचा 'संबंध' आहे, 'परिणाम' नाही. यादृच्छिक वाटणीने ठरलं ते इतकंच, की आधी लेसर करायचं की आधी ट्रॅबेक्युलेक्टॉमी. दाबाचे गट मात्र उपचारानंतरच्या नोंदी बघून पाडले. गोची इथेच आहे. ज्या डोळ्याचा दाब वर्षानुवर्षं एकदाही चढला नाही, त्याचा आजार मुळातच आटोक्यात राहणारा असू शकतो. मग श्रेय कुणाचं, ऑपरेशनचं की डोळ्याचं?

शिवाय ती रेषा सरासरीची. त्या गटातही काही डोळे खालावले, काहींचा स्कोअर सुधारला. बेरीज-वजाबाकी होऊन शून्य आलं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, त्यामुळे या 'सुधारणे'त चाचणीची चढउतार किती, हा प्रश्न विचारायलाच हवा.

दाब उतरवण्याचा फायदा होतो, याबद्दल वाद नाही. पण ऑपरेशनचा परिणाम बघायचा तर मी 'सीआयजीटीएस' आधी वाचेन. नव्याने निदान झालेले 607 रुग्ण, औषध की ट्रॅबेक्युलेक्टॉमी हे यादृच्छिक ठरलेलं. 2001 च्या अहवालात ऑपरेशनवाल्यांचा दाब जास्त उतरला, तरी दृष्टिक्षेत्रात म्हणावा असा फरक नव्हता. 2009 च्या विश्लेषणात चित्र बदललं: सुरुवातीलाच ज्यांचं नुकसान जास्त होतं, त्यांना आधी ऑपरेशन केल्याचा फायदा दिसला, मधुमेहींच्या बाबतीत उलटं.

यातही एक मेख आहे. ट्रॅबेक्युलेक्टॉमीनंतर मोतीबिंदू लवकर वाढतो, आणि मोतीबिंदूने दृष्टिक्षेत्राचा सरासरी आकडा तसाही घसरतो. म्हणून असा पेपर हातात आला की मी आधी पद्धतीच्या भागात मोतीबिंदूचा हिशोब कसा धरलाय ते शोधते, आलेख नंतर.