गाडगीळ की कस्तुरीरंगन?

नांदगावसारख्या सिंधुदुर्गातील गावात पश्चिम घाटाचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘शास्त्रज्ञांतच एकमत नाही, तेथे आपण काय बोलणार?’ हे वाक्य नम्र वाटते. पण ते खरे आहे काय, हे दोन्ही अहवाल शेजारी ठेवून पाहिले पाहिजे.

डॉ. माधव गाडगीळ समितीने 2011 साली संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर केले. डॉ. कस्तुरीरंगन कार्यगटाने 2013 साली शेती, मळे व वस्तीचा बहुतांश प्रदेश वगळून सुमारे 37 टक्के क्षेत्र संवेदनशील ठरविले. या तफावतीलाच ‘तज्ज्ञांचा वाद’ म्हटले गेले. परंतु खाणींविषयी काय लिहिले आहे? गाडगीळांच्या पहिल्या दोन स्तरांत नव्या खाणींना परवाना नाही. कस्तुरीरंगन यांच्या संवेदनशील क्षेत्रात खाणकामावर पूर्ण बंदी आहे. मतभेद आहे तो रेषा कोठे आखावी आणि निर्णयात ग्रामसभेला किती स्थान असावे, याविषयी. कळणे येथील खाण पाहिलेल्या आपल्या जिल्ह्याला जे एकमत सर्वांत मोलाचे, नेमके तेच वादाच्या धुरळ्यात हरवले.

प्रापंचिकाला शास्त्र अवगत नसले तरी तीन प्रश्न विचारता येतात. बोलणाऱ्याचा अभ्यास याच विषयाचा आहे काय? त्याने आपली माहिती व पद्धत उघड केली आहे काय? आणि परस्परांचे विरोधक कशावर सहमत आहेत? दुसऱ्या कसोटीवर दोष सरकारकडे जातो. गाडगीळ अहवाल माहितीच्या अधिकाराखाली दाद मागितल्यावरच 2012 साली खुला झाला. तोवर अफवा गावोगाव पोहोचल्या होत्या.

आपल्यालाही आत्मपरीक्षण चुकत नाही. 2013 साली केरळातील इडुक्की येथे चर्चच विरोधात उभे राहिले. शेतकऱ्याच्या पोटाची चिंता वाहणे हे मेंढपाळाचे कर्तव्यच. परंतु उपजीविकेची भीती हा डोंगराच्या स्थितीविषयीचा पुरावा नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात स्पष्ट केले आहे, की शास्त्रीय प्रश्नांचा निवाडा करण्याचा दावा चर्च करीत नाही. प्रामाणिक व खुल्या चर्चेचा आग्रह मात्र धरते.

झाडाची पारख फळावरून करावी, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळाली आहे. शास्त्राचे फळ म्हणजे पुरावा. तो कोणाच्या ओंजळीत आहे, एवढे पाहण्यास पदवी लागत नाही.