तिसरा टेकू

गॅलिलिओचा ‘दोन नवी विज्ञानं’ हा संवादग्रंथ १६३८ साली हॉलंडमधल्या लायडन शहरात छापून निघाला. फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्रीत तो स्वतःच्या घरातच नजरकैदेत होता. वय ७४, दृष्टी गेलेली. हा ग्रंथ नावाजला गेला तो खाली पडणाऱ्या वस्तूंच्या आणि फेकलेल्या गोळ्यांच्या गणितासाठी. मी मात्र तो पुन्हा पुन्हा उघडतो ते पहिल्या दिवसाच्या संवादात अगदी सुरुवातीला येणाऱ्या एका छोट्याशा हकिकतीसाठी. खांब, ठोकळे आणि एक तडा, एवढाच तिचा ऐवज. स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये आजही रोज विचारला जाणारा एक प्रश्न तिच्यात जितका नेमका मांडलेला आहे तितका मला एकाही पाठ्यपुस्तकात भेटलेला नाही.

हकिकत अशी. एक भलामोठा संगमरवरी खांब आडवा ठेवलेला आहे, दोन्ही टोकांखाली एकेक लाकडी ठोकळा. पुढे एका कारागिराला वाटतं की एवढा जड खांब स्वतःच्याच वजनानं मधोमध मोडेल. खबरदारी म्हणून मध्ये तिसरा ठोकळा सारावा, असं तो सुचवतो. सगळ्यांनाच ते पटतं. काही महिने जातात आणि खांब मोडलेला सापडतो, तोही नेमका त्या नव्या ठोकळ्याच्या वर.

सांगण्याची ही रीत बघण्यासारखी आहे. संवादातलं एक पात्र, साल्व्हियाती, हे सांगतो तेव्हा कारण हातचं राखून ठेवतो. आधी सूचना, मग सगळ्यांची पसंती, मग तडा. ऐकणारा दुसरा, सिम्प्लिचियो, चकित होतो, आणि तो चकित झाल्यावरच उलगडा येतो: टोकाचा एक ठोकळा काळानं कुजून खचला होता, मधला मात्र टणक राहिला होता, त्यामुळे अर्धा खांब अधांतरी लोंबत राहिला. दोनच ठोकळे असते तर एक खचल्यावर खांबही त्याच्याबरोबर निमूट खाली गेला असता. कारागिराला इथे कोणी हसत नाही, आणि गॅलिलिओही त्याला मूर्ख ठरवत नाही. चूक सगळ्यांची मिळून झाली आहे आणि ती शहाणपणाच्या पोटी झाली आहे. ग्रंथाची सुरुवात व्हेनिसच्या गोदीतल्या अनुभवी कारागिरांच्या कौतुकानं करणाऱ्या माणसाला हेच शोभतं.

इंजिनिअरच्या भाषेत बोलायचं तर दोन टेकूंवरचा खांब ‘डिटरमिनेट’ आहे. कोणत्या टेकूवर किती भार, हे नुसत्या समतोलावरून ठरतं. टेकू बोटभर खचला तरी त्या हिशेबात फरक पडत नाही. तिसरा टेकू आला की भाराची वाटणी टेकूंच्या उंचीवर, त्यांच्या टणकपणावर आणि खांबाच्या ताठरपणावर अवलंबून राहते. संगमरवर इतका ताठर की थोडंसं खचणंसुद्धा पुरतं. खांब सारख्या जाडीचा धरला आणि टेकू बरोबर मध्यावर असला, तर एक टोक सुटताच तो तराजूच्या दांडीसारखा मधल्या ठोकळ्यावर तोलला जातो. मग दुसऱ्या टोकाचा शाबूत ठोकळाही नावापुरता उरतो, आणि सगळं वजन त्या शहाण्या तिसऱ्यावर येतं.

इथे थांबून आकडेमोड केली की हकिकत आणखी खोल होते. टोकांवरच्या दोन टेकूंवर खांबाच्या मध्यावर येणारा बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर) म्हणजे एकूण वजन गुणिले लांबी, भागिले ८. तिन्ही टेकू धड असतील तर मधल्या टेकूवर भागिले ३२, म्हणजे अवघा पाव. कारागिराची सूचना निव्वळ भाबडी नव्हती, हे यावरून दिसतं. आता टोकाचा एक टेकू काढा. मधल्या टेकूवर पुन्हा भागिले ८! आकडा पहिल्याइतकाच, फक्त दिशा उलटी: आधी ताण खांबाच्या खालच्या अंगाला होता, तो आता वरच्या अंगाला आला. दाब दगड भरपूर सोसतो, ताण फारसा सोसत नाही. म्हणून तडा आता वरून सुरू होणार.

मग जो खांब दोन टेकूंवर टिकला असता तो तेवढ्याच मोमेंटला इथे का मोडला? गॅलिलिओ या प्रश्नाला हात लावत नाही. मला एक उत्तर पटतं. जड वस्तू ठेवताना ठोकळा अगदी टोकाला कोणी लावत नाही, थोडा आतच सारतो. दोन्ही ठोकळे लांबीच्या दहाव्या हिश्शाइतके आत असले, तरी मधला मोमेंट तब्बल ४० टक्क्यांनी उतरतो. एक टोक सुटून खांब मध्यावर तोलला गेला की ती सवलत संपते आणि पुरता ‘भागिले ८’ अंगावर येतो. शिवाय संगमरवरात एखादी शीर वरच्या अंगाला असेल तर तिला आजवर दाबच माहीत होता. ताण ती पहिल्यांदाच सोसत होती. हकिकतीत मापं दिलेली नाहीत, तेव्हा हा माझा तर्क. पण साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा मजकूर आजही वाचणाऱ्याला कागद-पेन्सिल घ्यायला लावतो, हे त्याचं मोठेपण मला फार भावतं.

आणि प्रश्न अजिबात जुना नाही. “बीम जरा वाकलेला वाटतोय, मधोमध एक कॉलम देऊन टाकू का?” घराची डागडुजी काढणारा माणूस हे हमखास विचारतो. दोन टोकांवर टेकलेल्या आरसीसी बीममध्ये मुख्य सळ्या खालच्या बाजूला असतात, कारण ताण तिथे असतो. मध्ये पक्का कॉलम देऊन त्यावर खरोखर भार घेतला, की कॉलमच्या डोक्यावर ताण वरच्या बाजूला येतो, आणि तिथे रिंगा अडकवण्यापुरत्या बारीक सळ्या असतात. मग बीमच्या वरच्या अंगाला तडा जातो आणि घरमालक म्हणतो, आधार दिला तरी कसं फुटलं? प्रीकास्ट गर्डर यार्डात रचताना दोनच ठिकाणी टेकू देण्याची पद्धत आहे, तिच्यामागेही हेच कारण. जमीन सगळीकडे सारखी खचेल याची हमी कोण देणार?

पण हकिकतीचा खरा काटा तिच्या शेवटच्या वाक्यात आहे, आणि घाईनं वाचणाऱ्याच्या हातून तो निसटतो. साल्व्हियाती म्हणतो की त्याच दगडाचा, लांबी-जाडीचं तेच प्रमाण राखलेला छोटा खांब असता तर असं घडलंच नसतं. टेकूंची गोष्ट वाटणारी ही गोष्ट एका झटक्यात आकाराची होते. गोल खांब टोकांवर टेकवला तर स्वतःच्या वजनानं येणारा जास्तीत जास्त ताण म्हणजे दगडाचं दर घनमीटर वजन गुणिले लांबीचा वर्ग, भागिले व्यास. १० मीटर लांब आणि १ मीटर जाड संगमरवरी खांबात तो सुमारे २.६ मेगापास्कल भरतो. १ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर जाड खांबात त्याचा दहावा हिस्सा. आकृती तीच, दगड तोच, ताण दहापट.

संवादातल्या तिसऱ्या पात्राचं, साग्रेदोचं, नुसत्या उदाहरणानं समाधान होत नाही. घडलं हे त्याला मान्य आहे. जाडी वाढली तरी ताकद त्या मानानं पुरी का पडत नाही, हे त्याला हवं आहे. त्याचं उत्तर शोधतच ग्रंथ दुसऱ्या दिवसात शिरतो. भिंतीतून बाहेर आलेली तुळई आणि तिच्या टोकाला हुकावर लटकवलेलं वजन, हे प्रसिद्ध चित्र तिथलंच. त्या तुळईच्या हिशेबात गॅलिलिओ चुकला. तुळई खालच्या कडेवर फिरते आणि ताण सगळ्या छेदात सारखा असतो, असं त्यानं धरलं, त्यामुळे ताकद प्रत्यक्षाच्या तिप्पट निघाली. पण आडव्या ठेवलेल्या तुळईपेक्षा कडेवर उभी केलेली जास्त का पेलते, आणि किती पटीनं, हे त्याचं गुणोत्तर बिनचूक आहे. छेदात ताण आणि दाब कसे वाटले जातात, याचा बरोबर हिशेब १७७३ मध्ये कुलॉम्बनं मांडला. तीन टेकूंवरच्या खांबाचा, म्हणजे त्या कारागिराच्या खांबाचा, भार कसा वाटला जातो हे रीतसर काढायला १८२६ मधलं नाव्हिएचं पुस्तक यावं लागलं.